आयरिश इंजिनं आणि एक सूत

माझ्या वडिलांनी आयर्लंड कधी पाहिलं नाही. तिथलं एखादं इंजिनसुद्धा त्यांच्या दृष्टीस पडलं नाही. तरी त्या देशातल्या अठरा टँक इंजिनांचा इतिहास त्यांनी कलकत्त्यात बसून लिहिला, आणि तो तिकडे छापलाही गेला. आमच्या घरात त्या अठरा इंजिनांना माझ्यापेक्षा जास्त मान होता. हे वाचून कुणाला हसू येत असेल तर येऊ दे. मला अजून येत नाही.

अडुसष्ट साली बाबांची नागपूरहून बदली झाली आणि आम्ही तिघं, म्हणजे ते, आई आणि मी, कलकत्त्याला गार्डन रीचमधल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. बाबा तिथल्या कचेरीत हेड ड्राफ्ट्समन होते. कचेरी क्वार्टरपासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे दुपारी जेवायला ते घरी येत आणि जेवताना इंजिनांबद्दल बोलत. नागपुरात असतानाही बोलत, पण तिथे ऐकायला शेजारीपाजारी होते. इथे कुणी नव्हतं. आईला त्यात गम्य नव्हतं, म्हणून सगळं माझ्या ताटात यायचं.

फ्री स्कूल स्ट्रीटच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांची दुकानं लागत. तिथून बाबांनी एकदा विलायती रेल्वे मासिकांचा गठ्ठा आणला. त्यातल्या एका अंकात एका आयरिश गृहस्थाचं पत्र होतं. हा गृहस्थ बेलफास्टकडच्या इंजिन शेडमध्ये कारकून म्हणून निवृत्त झालेला. त्याने लिहिलं होतं की माझ्या शेडमधल्या टँक इंजिनांची सगळी टिपणं माझ्याकडे वह्यांमध्ये आहेत, पण मला ना पुस्तक लिहिता येतं ना नकाशे काढता येतात, कुणी मदत करील का. अंक दीड-दोन वर्षांचा जुना होता. बाबांनी तरी उत्तर पाठवलं. आम्हाला वाटलं, पत्र गेलं, विषय संपला. दोन-अडीच महिन्यांनी बोटीच्या टपालाने एवढं जाड पुडकं आलं. आई ते हातात तोलत म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं."

त्या पुडक्यातून जे निघालं ते पुढे मला पाठ झालं. टँक इंजिन म्हणजे जे आपलं पाणी आणि कोळसा आपल्याच अंगावर घेऊन धावतं, मागे कोळशा-पाण्याचा वेगळा डबा, म्हणजे टेंडर, ओढत नाही. त्यामुळे ते उलटं-सुलटं दोन्हीकडे सारखंच पळतं, शेवटच्या स्टेशनावर वळवून घ्यावं लागत नाही. ही अठरा इंजिनं दुसरं महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमधल्या कारखान्यात बनली आणि समुद्रावरून आयर्लंडला गेली. पुढे दोन लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागे चार लहान. ड्रायव्हर लोक त्यांना 'जीप' म्हणत, कारण लढाईतल्या जीप गाडीसारखी तीही नवी आणि पडेल ते काम करणारी. पॅसेंजर ओढा, माल ओढा, शंटिंग करा. बाबांना त्यांचा हाच गुण फार आवडे. "कुणाच्या आधाराची गरज नाही बघ," ते म्हणत. "स्वतःचं ओझं स्वतः वाहतात." मी तेव्हा टाइपरायटरला फीत घालत होते. त्यांच्या मागचा टेंडर त्यांना दिसत नव्हता इतकंच.

कारण कामाची वाटणी अशी होती: बाबा सांगणार, मी टाइप करणार. बाबा पेन्सिलने नकाशा काढणार, मी तो शाईने ट्रेस करणार. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पॉलिटेक्निकला जाऊन ड्राफ्ट्समनचा कोर्स करायचा हे माझ्या मनात नागपूरपासून होतं. मी तसं बोलले तेव्हा बाबांनी मान वर न करता सांगितलं, "तीस वर्षं मी ड्रॉइंग ऑफिसात काढलीत. ते बायकांचं काम नाही." आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडून माझ्या हातात रूलिंग पेन दिलं. ऑफिसात जे बायकांचं नव्हतं ते घरात कसं झालं, हे विचारायची तेव्हा अक्कल नव्हती. खरं म्हणजे अक्कल होती, पण मला ते पेन हवं होतं.

शिकवलं मात्र त्यांनी उत्तम. हे नाकारलं तर मी त्यांच्याच पंक्तीला बसेन. ट्रेसिंगचं कापड कसं ताणायचं, त्यावर आधी पावडर चोळून चिकटपणा कसा घालवायचा, पेनात शाई किती भरायची, रेघ ओढताना श्वास कुठे धरायचा. त्या कापडाला खळ असते. पाण्याचा एक थेंब पडला की खळ विरघळून पांढरा डाग उठतो, तो काही केल्या जात नाही. आणि कलकत्त्याची हवा! जेठ महिन्यात मनगटावरून घाम निथळायचा. मी हाताखाली टीपकागद आणि कोपराला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून बसायचे. पंखा लावायचा नाही, कागद उडतो म्हणून. एका रविवारी हनुवटीवरून एकच थेंब बरोबर बॉयलरवर पडला आणि तीन आठवड्यांचं काम गेलं. बाबांनी आवाज चढवला नाही, नवं कापड फाडून समोर ठेवलं. त्या दिवशी मला ते थोर वाटले होते.

ड्रॉइंग ऑफिसात एक रीत असते. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते, तिच्यात चार घरं: काढणार, ट्रेस करणार, तपासणार, मंजूर करणार. ज्याने जे केलं त्याने त्या घरात आपली आद्याक्षरं लिहायची. नकाशात चूक निघाली तर कुणाला धरायचं ते त्यावरून कळतं, आणि नकाशा चांगला असला तर कुणाचा हात आहे तेही कळतं. बाबांच्या पेन्सिलीच्या नकाशांवर ही चौकट असायची. पहिल्या आणि तिसऱ्या घरात त्यांची अक्षरं. दुसरं घर रिकामं.

सत्तर सालच्या सुरुवातीला मी वर्तमानपत्रात एक जाहिरात पाहिली. खिदिरपूरला नदीतले बार्ज दुरुस्त करणाऱ्या एका खासगी कंपनीला ट्रेसर हवा होता. बाजारात जाते सांगून मी तिथे गेले. तिथले हेड एक वयस्कर बंगाली गृहस्थ होते, जाड चष्मा आणि शर्टाच्या खिशात चार पेन्सिली. मला पाहून ते हसले नाहीत, याचंच मला केवढं अप्रूप. त्यांनी माझ्याकडून तिथेच एक तुकडा ट्रेस करून घेतला. मग, बंगाल्यात लेकीच्या वयाच्या मुलीला 'मा' म्हणतात तसं म्हणत, बोलले, "हाथ तो बहुत अच्छा है, मा. लेकिन एक टुकडा देखकर आदमी नहीं रखता. तुम्हारे नाम का पूरा काम लाओ. कभी भी लाओ."

माझ्या नावाचं पुरं काम. माझ्याकडे तीन मोठे तक्ते होते आणि एकावरही माझं नाव नव्हतं. त्याच सुमारास आयरिश गृहस्थाचं पत्र आलं. त्यात त्याने सहज लिहिलं होतं की या इंजिनांचे मूळ नकाशे ज्या कारखान्यात झाले, तिथे ट्रेसिंगचं काम मुलीच करत, एका मोठ्या खोलीत ओळीने बसून. ते पत्र मीच बाबांना वाचून दाखवलं आणि वाचून झाल्यावर म्हटलं, "बाबा, ते दुसरं घर. त्यात माझी अक्षरं घालू का?"

बाबांनी कान खाजवला. "आत्ता कशाला? छापताना बघू. छापून येईल तेव्हा खाली तुझं पूर्ण नाव टाकायला सांगेन. आद्याक्षरं काय करायचीत?"

पूर्ण नाव! मी त्या आनंदात वर्ष काढलं. चोरून सही करावी असं माझ्या मनात कधी आलं नाही. आलं होतं, खोटं कशाला बोलू. हिंमत झाली नाही.

चौथा तक्ता इंजिनाच्या समोरच्या बाजूचा होता. समोरून पाहिलं तर इंजिन कसं दिसेल, खाली दोन रूळ, त्यावर चाकं. बाबांकडे पितळेची एक छोटी पट्टी होती, तिला दोन खाचा. एका फुटाला अर्धा इंच या मापाने आपल्या ब्रॉडगेजचे दोन रूळ किती अंतरावर येतात, ते त्या खाचांवरून थेट कागदावर टिपता येई. शिकाऊ असताना त्यांनी ती स्वतः कानशीने घासून बनवली होती. तीस वर्षं प्रत्येक इंजिनाचा समोरचा नकाशा ते त्या पट्टीने सुरू करत. आधी पट्टी, मग बाकी सगळं. हाताला इतकी सवय की पट्टी कागदावर ठेवताना ते माझ्याशी भलतंच काहीतरी बोलत असत.

पण आपल्या ब्रॉडगेजची रुंदी पाच फूट सहा इंच. आयर्लंडची पाच फूट तीन. तीन इंचांचा फरक, कागदावर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे मला ठाऊक होतं, कारण पहिल्या प्रकरणाचं पहिलं पान मीच टाइप केलं होतं आणि त्यात पाच फूट तीन इंच असं स्पष्ट लिहिलेलं होतं. बाबांनीच सांगितलेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. कापड ताणून मी रुळांवर फूटपट्टी ठेवली तेव्हा माप जास्त आलं. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

रविवारची सकाळ होती, बाबा दाढी करत होते. मी म्हटलं, "बाबा, चौथ्या तक्त्यात रूळ एक सूत बाहेर आहेत. पाच-सहा आलंय."

"पट्टीने काढलंय."

"पट्टी आपल्याकडची आहे ना."

ते आरशातच माझ्याकडे पाहत होते. अर्ध्या गालावर साबण. "हे बघ, ट्रेसरने नकाशा सुधारायचा नसतो. जे खाली आहे ते वर उतरवायचं. शंका असेल तर निळ्या पेन्सिलीने कडेला खूण करायची आणि पुढे जायचं. एवढं शिकवलंय ना?"

शिकवलं होतं. मी निळ्या पेन्सिलीने रुळाच्या कडेला एक छोटी फुली केली आणि तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवला. दाढी झाल्यावर ते आले, फुलीकडे पाहिलं, रबर घेतलं आणि ती पुसली. पुसताना रेडिओवर काय लागलंय ते मला विचारलं. मग तक्ता माझ्यापुढे सरकवला. मी रूळ जिथे होते तिथेच उतरवले, एक सूत बाहेर, झकास काळ्या शाईत.

मी तेव्हा भांडायला हवं होतं. पण त्या वर्षी माझं नाव त्यांच्या हातात होतं, आणि ज्याच्या हातात आपलं नाव असतं त्याच्याशी माणूस जपून वागतो.

त्याच वर्षी त्या इंजिनांचं आयुष्यही संपत आलं होतं. डिझेल गाड्या आल्यावर त्यांना शेडमध्ये उभं करायचं ठरलेलं होतं, पण एक मोठं काम निघालं म्हणून ती चार वर्षं वाचली. समुद्राकाठच्या खाणीतून दगडमाती भरलेल्या गाड्या बेलफास्टकडे न्यायच्या, पुढे एक इंजिन आणि मागे एक. ही भर कशासाठी, तर नव्या मोटाररस्त्यासाठी. ज्या मोटारींनी त्यांचे उतारू पळवले, त्यांच्याच रस्त्याखाली घालायचे दगड ही इंजिनं ओढत होती. आपल्याच सरणाची लाकडं आपणच वाहायची, तसं. सत्तर साली ते काम संपलं आणि इंजिनंही संपली. हे कळवणारं पत्र आलं तेव्हा बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आईने वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. मला पॉलिटेक्निकला नाही म्हणाले होते त्या दिवशी त्यांनी वरणभात दोनदा घेतला होता, हे मला उगाच आठवलं.

एकाहत्तरमध्ये सगळे तक्ते आणि टाइप केलेली पानं जाड पुठ्ठ्यात बांधून रवाना झाली. पुठ्ठा मी शिवला. तिकडच्या रेल्वेप्रेमी लोकांच्या एका मंडळाने पुस्तिका छापायला घेतली होती. पानं बांधताना मी बाबांना म्हटलं, "नावाचं लिहिलंत ना पत्रात?" ते म्हणाले, "लिहितो, लिहितो, वेगळं पत्र लिहितो." वेगळी पत्रं सगळी मीच टाइप करत होते. त्या विषयाचं एकही माझ्या हाताखालून गेलं नाही. मी स्वतःची समजूत घातली की हाताने लिहिलं असेल.

आठ महिन्यांनी आयरिश गृहस्थाचं पत्र आलं. फार सभ्य माणूस. आधी कौतुकाची दोन पानं, मग एक ओळ: चौथ्या तक्त्यात रूळ आपल्या हिंदुस्थानातल्या मापाचे पडले आहेत, आमच्या इकडच्या एका ड्रायव्हरच्या ते लक्षात आलं. छपाईचे ब्लॉक बनून गेले आहेत, आता बदलता येणार नाही, पण पुस्तिकेत एक छोटी छापील चिठ्ठी घालू. त्या चिठ्ठीत काय लिहावं ते कृपया कळवा.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. मला त्या क्षणी त्यांची दयाही आली, हे मला नमूद करायला हवं. तीस वर्षांत त्यांच्या नकाशात चूक निघालेली मी ऐकली नव्हती. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बाहेर शिपयार्डचा भोंगा झाला. मग पाठमोरेच म्हणाले, "कागद लाव."

मी टाइपरायटरला कागद लावला. ते सांगू लागले, मी टाइप करू लागले. नेहमीसारखी सुरुवात, तब्येतीची चौकशी. मग: चौथ्या तक्त्यातली चूक ट्रेसिंगमध्ये झाली आहे. ट्रेसिंग माझ्या मुलीने केलं आहे. ती या कामात नवखी आहे. मूळ पेन्सिलीचा नकाशा बिनचूक होता.

माझे हात थांबले. "बाबा, मी खूण केली होती."

ते वळले. "कुठे आहे खूण?"

मूळ नकाशा कपाटाखालच्या नळीत होता. काढून उलगडला असता तर रूळ तिथेही एक सूत बाहेरच निघाले असते, ते त्यांनाही माहीत होतं. पण त्यांनी रुळांचं विचारलं नाही, खुणेचं विचारलं. खूण त्यांनीच पुसली होती. ते विसरले होते की त्यांना आठवत होतं, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. दोन्हींपैकी काय जास्त वाईट, हेही मला ठरवता आलेलं नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. तिला इंजिनातलं काही कळत नसे, पण माणसातलं कळे. "चोर सोडून संन्याशाला फाशी," ती म्हणाली, मोठ्याने. बाबा म्हणाले, "तू आत जा." ती गेली नाही. पण मला उठही म्हणाली नाही.

मी टाइप केलं. त्यांनी सांगितलं ते, जसंच्या तसं, एकही अक्षर न बदलता. नकाशा असो की पत्र, जे खाली आहे ते वर उतरवायचं. पाकिटावर तिकीटही मीच चिकटवलं आणि पोस्टाच्या पेटीत मीच टाकून आले. आज कुणी विचारेल, टाकलंस का? गटारात का नाही फेकलंस? मी बावीस वर्षांची होते आणि त्या घरात राहत होते. याहून बरं उत्तर माझ्याकडे नाही.

पुस्तिका बाहत्तरच्या पावसाळ्यात आली. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर इंजिन. आत बाबांचं नाव दोनदा, लेखक म्हणून आणि नकाशाकार म्हणून. माझं नाव कुठे नव्हतं. फक्त चौथ्या तक्त्यापाशी बोटभर रुंदीची एक सुटी चिठ्ठी होती, आणि तिच्यात लेखकाच्या कन्येकडून ट्रेसिंगमध्ये झालेल्या चुकीबद्दल दिलगिरी. शेवटी माझं पूर्ण नाव. आद्याक्षरं नव्हेत. बाबांनी शब्द पाळला होता म्हणायचा.

गणपतीत बालीगंजला एका मराठी कुटुंबाकडे आरतीला सगळी मंडळी जमायची. बाबा पुस्तिका पिशवीत घालून घेऊन गेले. हातोहात फिरता फिरता चिठ्ठी कुणाच्या तरी मांडीवर पडली. "हे काय हो?" बाबांनी हसत हसत सांगितलं, "आमच्या कन्येचा प्रताप." लोक हसले. वाईट मनाने कुणी हसलं नाही. एका काकांनी माझ्या ताटात मोदक वाढत म्हटलं, "अगं, एवढं काय तोंड पाडतेस, सूतभर तर चूक." मी मोदक खाल्ला. त्याची चव मला आठवत नाही, पण काकांच्या हातातला झारा अजून डोळ्यासमोर आहे.

तरीही मी खिदिरपूरला गेले. वेडी आशा म्हणा. चिठ्ठी काढून ठेवली असती तर पुस्तिकेत माझं नाव कुठेच उरत नव्हतं. चिठ्ठी ठेवली तर नाव होतं, पण ते असं. मी चिठ्ठी ठेवली. तेच चष्मेवाले हेड होते, मला त्यांनी ओळखलं. तक्ते एकेक करून पाहिले, डोळ्यांजवळ नेऊन. वळणांच्या रेघांवर बोट फिरवून मान डोलावत होते. मग चौथा तक्ता आला आणि त्यांनी चिठ्ठी वाचली. रूळ पाहिले. पुन्हा चिठ्ठी वाचली.

"देखा नहीं था?" त्यांनी विचारलं. रागावून नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून. "ऐसा हाथ जिसका है, उसकी आँख को तो दिखना चाहिए."

दिसलं होतं, म्हटलं असतं तर वडिलांना खोटं पाडावं लागलं असतं, एका परक्या माणसापुढे, त्यांच्याच कचेरीपासून दोन मैलांवर. नाही दिसलं म्हटलं तर मी आंधळी. मी चिठ्ठी परत तक्त्यापाशी सरकवली. त्यांना वाटलं असावं की ही काहीतरी बोलेल. मग त्यांनी पुस्तिका मिटली, दोन्ही हातांनी परत दिली आणि म्हणाले, "चाय पीकर जाना, मा."

चहा प्यायले. ट्रामने घरी आले. बाबांनी विचारलं, "कुठे गेली होतीस?" मी म्हटलं, "कुठे नाही." पुढे मी एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. टाइप करायला मला बाबांनीच शिकवलं होतं, तेही उत्तम.

चौऱ्याहत्तरमध्ये बाबांच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. आयरिश गृहस्थाने आणखी वह्या पाठवल्या, त्याच रेल्वेच्या दुसऱ्या एका जुन्या टँक इंजिनांच्या वर्गाच्या. बाबांच्या अंगात दहा वर्षांपूर्वीची उमेद आली. तीन महिन्यांत त्यांनी पेन्सिलीचे पाच तक्ते काढले. या खेपेला पितळी पट्टीला त्यांनी हात लावला नाही, हे मी पाहिलं होतं. एका रविवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर बोर्ड मांडला, कापड ताणलं, पावडर चोळली, पेनात शाई भरली, आणि मला हाक मारली.

मी बसले. तक्त्याचा उजवा कोपरा पाहिला. चार घरं. पहिल्यात आणि तिसऱ्यात त्यांची अक्षरं, दुसरं रिकामं. मी त्या घरावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "आधी इथे माझं लिहा. मग रेघ ओढते."

"अजून एक रेघ नाही ओढलीस आणि नाव कसलं?"

"तुमचं तर आधीच आहे."

मला वाटतं, त्यांनी पेन उचललं असतं तर मी त्या क्षणी सगळं माफ केलं असतं. चिठ्ठी, पत्र, खिदिरपूर, सगळं. मी इतकी स्वस्त होते. त्यांनी पेन उचललं नाही. पेनातली शाई वाळली. दुपारी आईने ताटं मांडायला बोर्ड उचलून भिंतीला लावला आणि तो तिथेच राहिला.

त्या दुसऱ्या वर्गाचा इतिहास कधी छापला गेला नाही. आयरिश गृहस्थाची पत्रं हळूहळू बंद झाली. पुढे बाबा गेले. पेन्सिलीचे ते पाच तक्ते माझ्याकडे आहेत, दुसरं घर अजून रिकामं. बाबांना ओळखणारे कुणी कुणी अजून विचारतात, एवढा गुणी माणूस, दुसरं पुस्तक का केलं नाही त्यांनी? मी सांगते, माझ्यामुळे. तेवढं श्रेय माझं एकटीचं, ते कुणाला वाटून घ्यायला मी देणार नाही.